मृदू कौशल्ये आणि नोकरीची तयारी (पुण्यातील प्रौढ विद्यार्थी)

नोकरी सांभाळून वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रौढांना विषयज्ञानाखेरीज लागणारी बोलण्याची, ऐकून घेण्याची, माणसे हाताळण्याची कौशल्ये. ‘मृदू कौशल्ये’ हा शब्द परिपत्रकातला. वर्गात सगळे ‘सॉफ्ट स्किल’च म्हणतात. मूळ संज्ञा अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणातली. यंत्राशी फारसा संबंध नसलेले, माणसांशी आणि कागदांशी निगडित काम ते ‘सॉफ्ट’. १९७२ साली लष्कराने त्यावर परिषदही भरवली होती.

काम करून शिकण्याची वाट पुण्याला जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. पुढे पिंपरी-चिंचवडची कारखानदारी वाढली, हिंजवडीत आयटी आले आणि पदविकेवर लागलेल्या माणसाला बढतीसाठी पदवी हवीशी झाली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने अशांची सोय केली. वेळेचा पेच मात्र सुटलेला नाही. भोसरी-चाकणकडे अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी, तर वर्ग रविवारी. त्यामुळे पहिली पाळी संपवून गणवेशातच वर्गात येणारे असतात.

प्रौढाचा अनुभव हेच त्याच्या शिक्षणाचे भांडवल, असे शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी मांडले. अभ्यासक्रम बहुधा याच्या उलट चालतो. पंधरा वर्षे कारखान्यातली उत्पादनाची लाइन सांभाळलेल्या, कंत्राटी कामगारांची भांडणे रोज मिटवणाऱ्या सुपरवायझरला ‘टीमवर्क’च्या व्याख्या लिहायला लावणे हा वेळेचा अपव्ययच.

त्याचे अडते ते दुसरीकडे, आणि ते सराव-मुलाखतीत उघडे पडते. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की तो नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय सांगून थांबतो. कामाबद्दल विचारले तर ‘आम्ही रिजेक्शन (तपासणीत नापास होणारा माल) कमी केलं’ म्हणतो. नेमके कोणी, असे विचारल्यावर ‘सगळ्यांनी मिळून, सर’. चारचौघांत ‘मी केलं’ म्हणणे त्याला फुशारकी वाटते, आणि समोरच्याला तर तेच ऐकायचे असते. इंग्रजीची भीती असते, पण ती यानंतरची. म्हणून जाणते शिक्षक आधी मराठीतच बोलते करतात : अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, त्याने काय बदललं. उत्तर ‘मी’ने सुरू होते, तिसऱ्या वाक्याला ‘आम्ही’ परत येते आणि शिक्षक पुन्हा थांबवतात.