'सिंगल फेजिंग' : एका प्रबंधामागची पार्श्वभूमी

अमरावती विभागातल्या एका खेड्यातली ही संशोधक. तिच्या प्रबंधाचं शीर्षक दोनदा बदलावं लागलं, तेही एका शब्दापायी. तो शब्द गावात लहान पोरांनाही पाठ होता.

सुरुवातीच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. वडिलांचं तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की दारात जळलेल्या मोटारींची रांग लागे. काळी पडलेली कॉइल पाहून कारण ओळखायला ती शाळेत असतानाच शिकली: स्टार जोडणीत फेज (वीजपुरवठ्याच्या तीन तारांपैकी एक) गेला तर दोन फेजची वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळते, डेल्टा या दुसऱ्या जोडणीत एकाची, आणि तिन्ही सारख्या जळल्या तर बहुतेक ओव्हरलोड. पुढे तंत्रनिकेतन, थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला प्रवेश, खासगी महाविद्यालयात शिकवणं आणि नोकरी सांभाळून पीएचडी. 1983 नंतर विनाअनुदानित महाविद्यालयं निघाली नसती तर घरच्यांनी तिला विद्युत शाखेसाठी लांब पाठवलं असतं का, याची शंकाच आहे.

आता तो शब्द. पुस्तकात 'सिंगल फेजिंग' हा दोष आहे. तीनपैकी एक फेज तुटतो, चालू मोटार उरलेल्या दोघांवर ओढत राहते, त्यांतला प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि वाइंडिंग जळतं. पण 2005 च्या सुमारास भारनियमन बारा तासांच्या वर गेलं, तेव्हा याच नावाची सरकारी योजना आली: भारनियमनाच्या वेळात तिन्ही फेज द्यायचे नाहीत, घरातले दिवे-पंखे चालतील एवढीच लाइन ठेवायची. म्हणजे पुस्तकातला रोग इथं औषध म्हणून आला. (कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस. वीज विदर्भात तयार होत होती आणि वावरातला अंधारही विदर्भातच होता, हे इथं सांगितल्यावाचून राहवत नाही.)

शेतकऱ्यांनी त्यावर तोड काढली ती कंडेन्सरची. कंडेन्सर जोडून तिसरा फेज 'बनवायचा' आणि अपुऱ्या लाइनीवर पंप चालवायचा. गोंधळ असा की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी येते ते प्रमाण) सुधारण्यासाठी कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, बसवा, असं आवाहन वीजवालेच करत होते. वस्तू तीच. एका जोडणीत ती शिस्त ठरायची, दुसऱ्या जोडणीत गैरवापर.

वाद याच ठिकाणी झाला. तिला हा जुगाड प्रयोगशाळेत जसाच्या तसा मांडून मोजायचा होता. जे नियमात बसत नाही त्यावर संशोधन कसलं, असं परीक्षण समितीतल्या काहींचं म्हणणं. मोटारी जळतात त्या नियमाबाहेरच, असं तिचं उत्तर. समितीची बाजू अगदीच पोकळ नव्हती, कारण अशा पंपांनी डीपीवर (परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) असमतोल भार येतो आणि शेजाऱ्याचाही पुरवठा बिघडतो. तरी तिने मोजमाप केलंच. कंडेन्सरने तोल साधतो, पण एकाच भाराला. विहिरीची पातळी खाली गेली, भार बदलला, की तोल सुटतो आणि मोटार आतून तापत जाते. रिवाइंडिंगवाल्यांना हे ठाऊक होतं, कागदावर आकडे नव्हते. शीर्षकात शेवटी 'सिंगल फेजिंग'ऐवजी 'असंतुलित पुरवठा' आलं.

त्यानंतर चित्र झपाट्याने बदललं. गावातल्या घरांच्या वीजवाहिन्या (गावठाण फीडर) शेतीपासून वेगळ्या झाल्या, शेतीला दिवसा आठ किंवा रात्री दहा तासांच्या पाळ्या लागल्या, 2017 पासून सौर वाहिन्यांची योजना आली, 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं. सौर पंपाचा कंट्रोलर तिन्ही फेज स्वतःच तयार करतो, तिथे लाइनीवरचा फेज जाण्याचा प्रश्नच येत नाही. सध्या ती या कंट्रोलरवर काम करते. जुन्या लाइनीवरच्या विहिरींवर मात्र स्टार्टरच्या पेटीत अजून ऑटो स्विच असतो. रात्री लाइन आली की साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो.