जिवाणूचा जीन पऱ्हाटीला समजतो कसा?

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यात आज दिसणारी बहुतेक पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बीटी आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारा त्याचा जीन घातलेलं कपाशीचं बियाणं भारतात २००२ साली मंजूर झालं. बीटीचा भाव, फवारणी, बोंडअळी यांवर गावोगाव बोललं जातं, पण मला त्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न वेगळाच वाटतो. जिवाणूचा जीन झाडात चालतोच कसा?

डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरं असतात. पेशी ती तीन-तीनच्या गटानं वाचते. असे गट ६४. त्यातले ६१ मिळून २० अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक, सांगतात, उरलेले तीन 'इथं थांब' म्हणतात. जीसीटी या गटाचा अर्थ अ‍ॅलनिन. तो जिवाणूत, कपाशीत, गोठ्यातल्या बैलात आणि त्याच्या धन्यात एकच. पहिला गट मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी १९६१ मध्ये उलगडला. पुढं हरगोविंद खुराना यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा होता. १९६८ चं नोबेल खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाघरांसारखे थोडे अपवाद आहेत, पण बाकी सारी सजीव सृष्टी हाच संकेत वाचते, कारण तो एकाच पूर्वजाकडून आला आहे.

तरी नुसता संकेत जुळून भागत नाही. एकाच अमिनो आम्लासाठी बहुधा अनेक गट असतात, आणि प्रत्येक जीवाची पसंती वेगळी. वऱ्हाडातल्या माणसाला कोकणातली मराठी कळते, पण तो बोलतो आपल्याच शब्दांत, तसं. जिवाणूचा मूळ जीन झाडात टाकला तेव्हा प्रथिन फारच कमी तयार झालं. मग शास्त्रज्ञांनी प्रथिन तेच ठेवून गट झाडाच्या पसंतीचे केले, आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. जीन झाडात पोचवला तोही अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या मदतीनं. तो निसर्गात स्वतःचा डीएनए झाडात घुसवून खोडावर गाठी आणतो.

म्हणजे ही उसनवारी माणसानं सुरू केलेली नाही. कपाशीचा रस शोषणारी पांढरी माशीच घ्या. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी काही विषारी संयुगं बनवतात, आणि ती निरुपद्रवी करणारा जीनही त्यांच्यापाशी असतो. हाच जीन कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पतीतून पांढऱ्या माशीत गेला, असं चिनी शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं. माशीतला तो जीन बंद पाडणारी रचना टोमॅटोत घातली, तेव्हा त्या झाडांवरच्या माश्या मोठ्या संख्येनं मेल्या. कीड झाडाचंच हत्यार झाडावर उलटवते, हे मला थक्क करतं.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट मात्र निराळी. २०१७ मध्ये विदर्भात तिनं थैमान घातलं, पण तिच्यात बीटीचा जीन शिरला नव्हता. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक रेणूंना चिकटून तिला मारतं. अळीच्या स्वतःच्या जीनमध्ये बदल झाले आणि ते चिकटणं बंद पडलं. अशा अळ्या वाचल्या, वाढल्या. बीटीभोवती नॉन-बीटीच्या ओळी पेरायला सांगायचे ते याचसाठी: तिथं वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या अळ्यांच्या पतंगांशी जुळले, तर पुढच्या पिढीत बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या टिकून राहतात. त्या ओळी आपल्या शेतांत पुरेशा कधीच पेरल्या गेल्या नाहीत.