जुन्या कॉम्प्युटरला वेगवान मॉनिटर का हवा

भाच्याचा मॉनिटर गेला. कॉम्प्युटर जुना, गेमची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ मधलं. दुकानदार म्हणाला, "हे कार्ड सेकंदाला कसंबसं साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, काढतंय, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन काय करणार? साठचाच न्या." हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे.

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी, चित्र बदलतो. त्याचं वेळापत्रक ठरलेलं. कार्डाचं तसं नसतं. मोकळं मैदान असेल तर चित्र १२ मिलिसेकंदांत तयार होतं, धूर आणि स्फोट आले की १८ लागतात. आता समजा, स्टॉपवरून दर १६.७ मिलिसेकंदांनी बस सुटते. अठराव्या मिलिसेकंदाला पोचलेल्या चित्राची बस नुकतीच गेलेली असते. व्ही-सिंक (चित्र बस सुटायच्या वेळेलाच पडद्यावर जाऊ देणारं सेटिंग) चालू असेल, तर ते ३३.३ पर्यंत ताटकळतं. उशीर जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचा आणि खोळंबा पंधराचा! असं लागोपाठ झालं की ५५ फ्रेम काढू शकणारं कार्ड पडद्यावर ३० फ्रेमवर येतं. व्ही-सिंक बंद केलं तर चित्र धावत्या बसमध्ये चढतं. मॉनिटर वरून खाली ओळीओळीने रंगवत असतो. मध्येच नवं चित्र आलं की वरचा भाग जुना, खालचा नवा. शर्यतीच्या गेममध्ये वळणावर विजेचा खांब मधोमध तुटलेला दिसतो, तो यामुळे.

१४४ हर्ट्झवर बस दर ६.९ मिलिसेकंदांनी आहे. तेच चित्र २०.८ ला पडद्यावर येतं. कार्ड तेच, गेम तोच, खोळंबा तीन मिलिसेकंदांचा.

याहून सुंदर उपाय म्हणजे बसलाच थांबवून ठेवणं. अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकमध्ये मॉनिटर चित्र तयार होईपर्यंत थांबतो. २०१४ मध्ये हे डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या मानकात आलं, आणि २०१९ च्या जानेवारीपासून एनव्हिडिया कंपनीची १० मालिकेपासूनची कार्डंही (भाच्याचं याच मालिकेतलं) अशा मॉनिटरवर हे करू लागली. मात्र मॉनिटर अनंत काळ थांबू शकत नाही. समजा त्याची मर्यादा ४८ ते ७५ हर्ट्झ आहे आणि कार्ड ४० फ्रेमवर घसरलं. मर्यादेत राहण्यासाठी प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं तर ८० हर्ट्झ लागतील, ते त्याच्या आवाक्याबाहेर. ४८ ते १४४ वाला मॉनिटर मात्र ८० वर सहज चालतो. म्हणजे वरची मर्यादा उपयोगी पडते ती कार्ड खाली घसरल्यावर! मला या विषयातलं हे सगळ्यात आवडतं.

पिक्सेल किती वेळात रंग बदलतो हे सांगणाऱ्या, खोक्यावरच्या "१ मिलिसेकंद" या आकड्यावर पैसे घालवू नका. बऱ्याचदा तो ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारं सेटिंग) पूर्ण ताणून मिळवलेला असतो आणि त्या सेटिंगवर हलत्या वस्तूंमागे फिकट सावल्या उमटतात. १४४०पीचा, म्हणजे जास्त बारीक पिक्सेलच्या पडद्याचा, मोहही टाळा. १०८०पीपेक्षा पिक्सेल पावणेदोन पटीहून जास्त होतात आणि तो सगळा भार जुन्या कार्डावर पडतो. १०८०पी पुरे.

केबल डिस्प्लेपोर्टचीच लावा, कारण या मालिकेच्या कार्डांवर अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक एचडीएमआयमधून मिळत नाही. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) बघा. भाच्याच्या नव्या मॉनिटरवर तो पहिले दोन दिवस ६० वरच होता.