मोटर ड्रायव्हर घेण्याआधी तुमची मोटर मोजा

जळालेला ड्रायव्हर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरला बॅटरीचा करंट देणारी चिप) घेऊन कोणी आमच्याकडे आले की आम्ही आधी विचारतो, मोटर अडकल्यावर किती करंट ओढते? बहुतेकांना मोकळ्या फिरणाऱ्या मोटरचा आकडा पाठ असतो. पण रोबोट भिंतीला टेकला किंवा चाक सतरंजीत गुंतले की मोटर थांबते, आणि मग करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध उरतो. मोकळी असताना २०० मिलिअँपिअरवर फिरणारी मोटर तेव्हा एक-दीड अँपिअर सहज ओढते. ड्रायव्हर जळतो तो या क्षणी.

हा आकडा तुम्हालाच काढता येतो. मोटर सुटी करून मल्टिमीटर ओहमवर लावा आणि शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवत रोध मोजा. ब्रशची जागा बदलते तसे रीडिंग बदलते. त्यातले सर्वांत लहान धरा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जे दिसते ते त्यातून वजा करा. मग बॅटरीच्या व्होल्टेजला या रोधाने भागा. ६ व्होल्ट आणि ४ ओहम असतील तर दीड अँपिअर. पुढे जाणारी मोटर एकदम उलटी फिरवली तर क्षणभर याच्या जवळजवळ दुप्पट करंट वाहू शकतो, कारण फिरत्या मोटरचा स्वतःचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतो. म्हणून दिशा बदलण्याआधी कोडमध्ये मोटर थांबू द्या.

आता ड्रायव्हर. एल२९३डी चॅनेलमागे (एका मोटरमागे) ६०० मिलिअँपिअरचा, म्हणजे वरच्या मोटरला तो पुरणार नाही. एल२९८एन २ अँपिअरचा, आणि सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते. पण त्यातले ट्रान्झिस्टर बायपोलर आहेत. १ अँपिअरला साधारण २ व्होल्ट तेच खातात. ६ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला चारच मिळतात आणि बाकीची उष्णता होते. आम्ही तो विकतो, तरी छोट्या रोबोटसाठी सुचवत नाही.

टीबी६६१२एफएनजी मॉसफेटचा, म्हणजे कमी व्होल्टेज खाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा, आहे. सतत १.२ अँपिअर, क्षणभर ३.२, आतला रोध अर्धा ओहमच्या आसपास, त्यामुळे फारसा तापत नाही. मात्र त्याची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आहे. चार सेलचा लिथियम-आयन पॅक पूर्ण चार्ज झाला की १६.८ व्होल्टला पोचतो, तो याला कधीही जोडू नका. दोन सेलच्या पॅकवर पहिला रोबोट करणाऱ्यांना आम्ही डीआरवी८८३३ देतो. त्याची मर्यादा १०.८ व्होल्ट, आणि करंट किंवा तापमान प्रमाणाबाहेर गेले की तो स्वतःच आउटपुट बंद करतो.

सुट्या ट्रान्झिस्टरचा एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारी चार स्विचची जोडणी) करणार असाल तर प्रत्येक स्विचला उलटा डायोड हवाच. मोटर बंद करताना उसळणाऱ्या व्होल्टेजला जायला वाट हवी असते. एकाच बाजूचे वरचे आणि खालचे स्विच एकत्र चालू झाले तर बॅटरी थेट शॉर्ट होते.

ड्रायव्हर कोणताही घ्या, बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज लावा. ड्रायव्हरमधले संरक्षण त्याच्या पुढच्या भागापुरते असते. मधली वायर सोलून शॉर्ट झाली तर फक्त फ्यूजच वाचवतो. ड्रायव्हर आणि कंट्रोलर यांचे ग्राउंड एकत्र जोडा, आणि पहिली चाचणी चाके अधांतरी ठेवून घ्या.

रीडिंग स्थिर मिळत नसेल तर मोटर आणि बॅटरी सोबत घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर मोजून देऊ.