‘मॅब ३५’ची कुळकथा

मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथला निकोटिनिक ॲसिटिलकोलिन रिसेप्टर (मज्जातंतूने सोडलेला ॲसिटिलकोलिन हा रासायनिक निरोप झेलणारं प्रथिन) दाखवायचा असेल, तर प्रयोगशाळेत अजूनही मॅब ३५ या अँटिबॉडीचं, म्हणजे ठरावीक जागेलाच चिकटणाऱ्या प्रथिनाचं, नाव निघतं. आज ती विकत मिळते. पण ती कुठून आली हे ठाऊक नसेल, तर ती कुठे चालते आणि कुठे दगा देते याचाही अंदाज येत नाही.

सुरुवात १९०५ पासून धरावी लागते. केंब्रिजच्या जॉन लँग्लीने निकोटिन आणि स्नायू लुळे पाडणारं क्युरारे हे विष यांचे स्नायूंवरचे परस्परविरोधी परिणाम पाहिले आणि तर्क लढवला, की रसायनाला धरून ठेवणारा काहीतरी ‘ग्राही पदार्थ’, म्हणजेच रिसेप्टर, पेशीवर असला पाहिजे. पुढची साठेक वर्षं हा पदार्थ कागदावरच राहिला. स्नायूत तो असतो जेमतेम. वेगळा काढणार कसा?

तिढा सोडवला माशांनी आणि सापाने. दक्षिण अमेरिकेतला विद्युत ईल आणि समुद्रातला टॉर्पेडो मासा यांचा वीज निर्माण करणारा अवयव म्हणजे मुळात बदललेले स्नायूच. आकुंचनाचं काम सोडून दिलेले, पण रिसेप्टरने गच्च भरलेले. साप तैवानमधला, मण्यारच्या जातीचा. त्याच्या विषातून चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. हे विष रिसेप्टरला एकदा चिकटलं की सहजी सुटत नाही. आपल्याकडचा मण्यार याच कुळातला. त्याच्या दंशानंतर रुग्णाच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, हे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांना सांगावं लागत नाही. १९७० मध्ये पॅरिसच्या ज्याँ-पिएर शाँजो यांनी ली यांच्या सोबतीने हेच विष वापरून ईलमधला रिसेप्टर ओळखून काढला.

आता शुद्ध प्रथिन हाती आलं, तेव्हा त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवावी हे ओघाने आलंच. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी ईलचा रिसेप्टर सशांना टोचला. अँटिबॉडी तयार झाली, पण ससे लुळे पडले. मान टाकलेल्या त्या सशांना ॲसिटिलकोलिनचं विघटन रोखणारं औषध दिलं, तर त्यांच्या अंगात लक्षणीय ताकद परत आली. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे रुग्ण असेच वागतात: पापण्या गळतात, स्नायू लवकर थकतात आणि त्याच औषधांनी तात्पुरता आराम पडतो. हा आजार शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या अँटिबॉडीमुळे होत असावा, असं स्कॉटलंडचे जॉन सिम्पसन १९६० मध्येच म्हणून गेले होते. पुरावा मात्र नव्हता. सशांचा शोधनिबंध १९७३ मध्ये आला आणि त्याच वर्षी बाल्टिमोरमधल्या गटाने रुग्णांच्या स्नायूंत रिसेप्टर कमी झालेले असतात हेही दाखवलं. १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम यांच्या गटाने ७१ रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ८७ टक्क्यांत रिसेप्टरविरोधी अँटिबॉडी सापडली. रोगनिदानाची रक्तचाचणी त्यातूनच आली.

विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रात इतका फलदायी अपघात विरळाच, असं माझं मत. काढायला गेले हत्यार, हाती लागला आजाराचा उलगडा. आणि हत्यारही मिळालंच.

ते मिळालं १९७५ नंतर. कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल तंत्र आणलं होतं: अँटिबॉडी बनवणारी प्लीहेतली पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडायची, म्हणजे ती एकाच प्रकारची अँटिबॉडी अखंड बनवत राहते. सॉक्रेटिस झार्टोस आणि लिंडस्ट्रॉम यांनी ईलचा रिसेप्टर टोचलेल्या रॅटच्या पेशींपासून अशा अँटिबॉडींची मालिकाच उभी केली. मॅब ३५ त्यांतली; ‘मॅब’ म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. रिसेप्टर पाच तुकड्यांचा. त्यातल्या अल्फा तुकड्याच्या बाहेरच्या टोकाला ती बसते. गंमत अशी, की रुग्णांच्या अँटिबॉडींपैकीही मोठा हिस्सा नेमका याच जागेवर तुटून पडतो.

ही अँटिबॉडी रिसेप्टरची घडी, म्हणजे प्रथिनाची साखळी दुमडून झालेला आकार, ओळखते; उलगडलेली साखळी नव्हे. त्यामुळे जिवंत पेशीवर किंवा ऊतीच्या गोठवलेल्या पातळ छेदावर ती उत्तम बसते. पण वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीसाठी, प्रथिन एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळलं की घडी मोडते आणि बँड एक तर फिका येतो, नाहीतर येतच नाही. मग नवखा विद्यार्थी कुपीला दोष देतो.

खरा घोळ झाला तो मेंदूत. तिथेही निकोटिनिक रिसेप्टर असतात, पण अल्फा-४, अल्फा-७ अशा वेगळ्या तुकड्यांचे आणि फार थोड्या प्रमाणात. ईलसारखी खाण इथे नाही. पॉल व्हाइटिंग आणि लिंडस्ट्रॉम यांनी ऐंशीच्या दशकात कोंबडीच्या आणि रॅटच्या मेंदूतून रिसेप्टर गाळून काढून त्यांच्या अँटिबॉडी बनवल्या. पुढे जनुकांचे क्रम कळल्यावर सोपी वाट निघाली. प्रथिनाचा पंधरा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत जोडायचा, सशाला टोचायचा आणि मिळालेला सीरम, म्हणजे अँटिबॉडी असलेला रक्तद्रव, विकायचा. लहान तुकड्याला मूळ घडी नसते, आणि त्याच्याशी जुळणारे क्रम इतर प्रथिनांतही असू शकतात.

परीक्षा झाली ती जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर. ज्या मेंदूत अल्फा-७ नाहीच, तिथेही अल्फा-७ च्या अँटिबॉडीने (चिकटल्याची खूण म्हणून) रंग दाखवला, तर तो रंग कशाचा? २००४ मध्ये एका अमेरिकी गटाने आणि २००७ मध्ये आणखी व्यापक तपासणीत नेमकं हेच दिसलं: प्रचलित अँटिबॉडींपैकी अनेक जणी साध्या आणि ते जनुक काढलेल्या उंदरांत सारखाच रंग देत होत्या. मधल्या काळात त्यांच्या भरवशावर छापलेल्या चित्रांचं काय करायचं, हा प्रश्न बऱ्याच जणांनी सोयीस्करपणे टाळला. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी पारखण्याच्या पाच पद्धती मांडल्या, त्यांत जनुक काढून किंवा दाबून पाहणं ही एक होती.

अल्फा-७ साठी अनेक प्रयोगशाळा आजही अँटिबॉडीऐवजी खूण लावलेलं बंगारोटॉक्सिनच वापरतात. अल्फा-७ नसलेल्या उंदराच्या मेंदूत ते घट्ट धरून बसेल अशी जागाच उरत नाही, हे १९९७ मध्येच दिसलं होतं. मात्र स्नायूतल्या रिसेप्टरलाही ते तितकंच घट्ट धरतं, त्यामुळे छेद कुठल्या ऊतीचा आहे हे आधी पाहावं लागतं.