आजीच्या खांद्यावरची चार बोटं

आजी गेली तेव्हा हार घालायला तिचा एकटीचा एकही फोटो सापडेना. शेवटी एका लग्नातला ग्रुप फोटो स्टुडिओवाल्याला दिला, त्याने आजूबाजूचे सगळे कापून फक्त आजी मोठी करून दिली, खांद्यावर आत्याची चार बोटं राहिली होती तीही पुसली. आता भिंतीवरचा तो फोटो बघून येणारा प्रत्येकजण म्हणतो, किती शांत चेहरा, नजर कशी देवाकडे लागलीय. खरं तर त्या क्षणी आत्या तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती आणि आजी हसू दाबत होती. चेहरा तोच, डोळे तेच, गोष्ट मात्र पार वेगळी झाली.

जगात सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एकाचं असंच झालंय. 5 मार्च 1960, क्यूबाची राजधानी हवाना. आदल्याच दिवशी बंदरात ला कूब्र नावाच्या जहाजावर स्फोट होऊन बरीच माणसं गेली होती, त्यांच्यासाठी सभा भरली होती आणि अल्बेर्तो कोर्दा पेपरसाठी फोटो काढत होता. क्यूबाच्या क्रांतीतला नेता चे गेव्हारा क्षणभर व्यासपीठाच्या पुढे आला तेवढ्यात कोर्दाने दोन फोटो घेतले. त्यातल्या पहिल्यात डावीकडे दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आहे आणि उजवीकडे ताडासारख्या झाडाची पानं. पेपरने तो छापलाच नाही. कोर्दाने माणूस आणि पानं दोन्ही कापली, राहिला फक्त चे, मागे मोकळं आभाळ, आणि नजर लांब कुठेतरी. शोकसभेला आलेला माणूस भविष्याकडे बघणारा वाटायला लागला. टीशर्टवर, पोस्टरवर आपण बघतो तो हा कापलेला फोटो.

आता प्रश्न असा की कापलंय हे आपल्याला जाणवत का नाही? हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. आपला डोळा एका वेळी अगदी थोडंसं नीट बघतो, हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढंच. बाकीचं धूसर असतं, म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडत बसतो, जोडताना पुढे काय असेल याचा अंदाजही आधीच भरून ठेवतो. 1989 मधे हेलेन इंट्राब आणि मायकेल रिचर्डसन या संशोधकांनी लोकांना जवळून घेतलेले फोटो दाखवले, कुंपणासमोरचे कचऱ्याचे डबे वगैरे, आणि मग आठवून चित्र काढायला सांगितलं. लोकांनी फोटोत होतं त्यापेक्षा जास्त काढलं! डब्यांच्या बाजूला मोकळी जागा, कुंपण अजून पुढे गेलेलं, आणि आपण हे मनाने घातलंय याचा त्यांना पत्ताच नाही. (लांबून घेतलेल्या फोटोंत कधी उलटही होतं, आठवणीतला फोटो आक्रसतो, हे 2020 च्या संशोधनात दिसलं.)

म्हणजे कडेपाशी फोटो संपतो पण मेंदूत तो चालूच राहतो, आणि मेंदू तिथे भरतो काय, तर कडेला जे दिसतंय तेच अजून थोडं. कुंपण असेल तर कुंपण, आभाळ असेल तर आभाळ. तिथे एखादा माणूस उभा असेल असं मेंदू कशाला धरून चालेल? म्हणून कापलेला माणूस नुसता फोटोतून जात नाही, तो तिथे होता ही शक्यताच जाते.

जानेवारी 2020 मधे स्वित्झर्लंडमधल्या दावोसला नेमकं हेच झालं. हवामानबदलावर बोलणाऱ्या पाच तरुणी बर्फाच्या डोंगरांसमोर उभ्या होत्या, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दिलेल्या फोटोत चारच दिसल्या, चौघी गोऱ्या, युरोपातल्या. डाव्या टोकाची युगांडाची व्हेनेसा नकाते कापली गेली. एजन्सीने सांगितलं की तिच्यामागच्या इमारतीमुळे लक्ष विचलित होत होतं, केवळ कंपोझिशनसाठी कापलं. नंतर माफी मागितली, पूर्ण फोटो दिला. हेतू वाईट नसेलही, पण आफ्रिकेतून आलेली एकटी मुलगी होती ती, आणि ती चौकट बघणाऱ्याला तिथे अजून कुणी असेल असं वाटायचं काही कारणच नव्हतं. मला हे अजूनही खूप लागतं.

किती कापलं यानेही फरक पडतो. 1983 मधे संशोधक डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी छापील फोटो मोजले तर पुरुषांच्या फोटोत चेहऱ्याला जास्त जागा आणि बायकांच्या फोटोत अंगाला जास्त असं निघालं. आणि चेहरा मोठा असला की तोच माणूस लोकांना जास्त हुशार वाटतो हेही त्यांनी दाखवलं.

परवा माझ्या भाचीने भिंतीकडे बघून विचारलं, पणजी कुणाकडे बघतेय? मी अल्बम काढून मूळ फोटो दाखवला. तिने आधी आत्या बघितली, मग खांद्यावरची चार बोटं, आणि म्हणाली, अगं ही तर हसतेय.