ग्रुप थेरपी आणि स्वमदत गट: मैत्री कुठे चालते, कुठे थांबवतात

डॉक्टर ‘एखाद्या ग्रुपला जा’ म्हणतात आणि घरचे गोंधळतात. थेरपिस्ट चालवतो ती ग्रुप थेरपी काय, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाची मिटिंग काय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गोल मांडलेल्या खुर्च्या आणि पाळीपाळीने बोलणारी माणसं. फरक ओळखायचा तर एकच विचारा: सोबतच्या माणसाबरोबर नंतर चहाला जायचं का?

ग्रुप थेरपीत याचं उत्तर बहुधा ‘सध्या नको’ असं येतं. गट चालू असेपर्यंत बाहेर भेटीगाठी टाळा आणि भेट झालीच तर पुढच्या सत्रात सांगा, असं थेरपिस्ट सुरुवातीलाच बजावतात. एकटेपणाने गांजलेल्या माणसाला हे क्रूर वाटतं. पण त्या खोलीत तयार होणारी नाती हाच तिथला उपचार असतो. घरी कुणालाच ‘नाही’ म्हणू न शकणारी बाई गटातही सगळ्यांना हो-हो करते. कुणीतरी तिला सांगतं, ‘तुम्ही हसून हो म्हणता, पण तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला कळतच नाही.’ हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच, तेही न भांडता, कुणी सांगितलेलं असतं. याच दोघींची बाहेर गट्टी जमली असती, तर मन दुखायला नको म्हणून हे वाक्य आलंच नसतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी अशा गटासाठी सात-आठ माणसं योग्य मानली, ती बहुधा यासाठीच. त्याहून जास्त झाली की गप्प राहणाऱ्याला लपायला जागा मिळते.

एएमध्ये नेमकं उलटं. तिथे मिटिंगनंतरचा चहा जवळपास कार्यक्रमाचाच भाग असतो. प्यायची तल्लफ आली तर अपरात्री फोन करावा असा एक ‘स्पॉन्सर’ असतो, म्हणजे आधी सावरलेला सोबती. मिटिंगमध्ये मात्र कुणी बोललं की त्यावर सल्ला द्यायचा नाही, उलटतपासणी करायची नाही. थेरपीत समोरच्याची प्रतिक्रिया औषधासारखी लागू पडते, इथे ऐकून घेणंच पुरतं.

दोन्हींचा उगमही वेगळा. बॉस्टनमध्ये 1905 साली डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचे वर्ग सुरू केले. शिकवायची होती पथ्यं, पण एकत्र बसण्यानेच रोग्यांना उभारी येते असं त्यांच्या लक्षात आलं. एए 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला सुरू झाली ती दोन दारुड्यांच्या भेटीतून. त्यातला एक सर्जन होता, पण तिथे तो डॉक्टर म्हणून बसला नव्हता.

आपल्याकडे गोंधळ वाढतो, कारण व्यसनमुक्ती केंद्रांत दोन्ही शेजारी-शेजारी चालतं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये (स्थापना 1986) समुपदेशकही आहेत आणि व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही.

पैशांचं सोपं आहे: थेरपीला फी, एएत ऐच्छिक वर्गणी. गुप्ततेचं तितकं सोपं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार देणारा व्यावसायिक बांधलेला असतो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दोन्हीकडे फक्त शब्दाने बांधलेला.

माझं मत विचाराल तर व्यसन, जुनाट आजार किंवा आजारी माणसाची सेवा यांसाठी आधी स्वमदत गट, कारण सोबत वर्षानुवर्षं लागते. प्रत्येक नात्यात तेच तेच बिनसत असेल तर थेरपी. दोन्ही एकाच वेळी केलं तरी चालतं. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र गटाची वाट पाहू नका, थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जा किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

आणि हल्ली एक तिसरा प्रकार निघालाय, ‘हीलिंग सर्कल’ नावाचा. त्यातले काही फी थेरपीसारखी घेतात, पण चालवणाऱ्याचं शिक्षण विचारलं की विषय बदलतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बेधडक विचारा.